छत्री मोडते कुठे?

मृग नक्षत्र जवळ आले की माळ्यावरच्या छत्र्या खाली उतरतात. एखादीची काडी वाकलेली असते, एखादीच्या टोकाचा टाका उसवलेला असतो, तर एखादी उघडायलाच तयार नसते. मग त्यांची रवानगी होते बाजारातल्या छत्री दुरुस्त करणाऱ्याकडे. रस्त्याच्या कडेला गोणपाट अंथरून तो बसलेला तुम्ही पाहिला असेल. जवळ एक पक्कड, लहानशी हातोडी, थोडी तार, सुई-दोरा आणि जुन्या छत्र्यांतून काढलेल्या काड्यांचा भारा. एवढेच त्याचे भांडवल! तो तुमची छत्री एकदा उघडतो, एकदा मिटतो आणि नेमक्या दोन-तीन जागी बोट लावून पाहतो. दोष तेथेच असतो.

त्याला हे कसे कळते? अनुभवाने, असे तुम्ही म्हणाल. ते खरेच आहे. पण त्या अनुभवामागे शास्त्र आहे. छत्री हे एक यंत्र आहे, आणि प्रत्येक यंत्राच्या मोडण्याच्या जागा ठरलेल्या असतात. त्या कोणत्या, आणि त्याच का, हे या लेखात आपण पाहू. मग छत्री बनवणारे आणि ती दुरुस्त करणारे यांच्याकडे वळू.

एक त्रिकोण आणि सरकती नळी

घरातली साधी लांब दांड्याची छत्री घ्या व ती सावकाश उघडा. दांड्याच्या वरच्या टोकाशी आठ लांब काड्या बिजागरीसारख्या जोडलेल्या आहेत. दांड्यावर एक नळी वर-खाली सरकते. या नळीपासून आठ आखूड काड्या निघतात आणि प्रत्येक आखूड काडी एकेका लांब काडीला मध्ये कोठेतरी जोडलेली असते. नळी वर सरकवली की आखूड काड्या लांब काड्यांना बाहेर ढकलतात आणि छत्री उघडते.

यातली एकच काडी घेऊन वहीत आकृती काढा. दांड्याचे वरचे टोक अ. लांब काडी व आखूड काडी यांचा सांधा ब. सरकती नळी क. अबक हा त्रिकोण झाला. त्याच्या अब आणि बक या बाजू लोखंडाच्या आहेत, म्हणून त्यांची लांबी बदलत नाही. अक ही बाजू मात्र नळी सरकेल तशी कमी-जास्त होते. दोन बाजू ठाम आणि तिसरी बदलती, म्हणून कोन बदलतो. छत्रीचे सारे मर्म या एका वाक्यात आहे.

आता थोडे मोजू. अब आणि बक या दोन्ही बाजू ३० सें.मी. आहेत असे धरा. छत्री पूर्ण मिटलेली असताना दोन्ही काड्या दांड्याला टेकलेल्या असतात, म्हणून अक ६० सें.मी. आणि अ जवळचा कोन शून्य. नळी ३० सें.मी. वर सरकवा. आता अक ३० सें.मी. राहिली. तिन्ही बाजू सारख्या, म्हणजे त्रिकोण समभुज झाला आणि कोन ६० अंशांचा झाला. आणखी १५ सें.मी. सरकवा. कंपासने आकृती काढून कोनमापकाने मोजलात तर कोन सुमारे ७५ अंश भरेल.

यात एक गंमत आहे. पहिल्या ३० सें.मी.त काडी ६० अंश फिरली, म्हणजे सरासरीने दर सेंटिमीटरला २ अंश. नंतरच्या १५ सें.मी.त ती जेमतेम १५ अंश फिरली, म्हणजे सेंटिमीटरला १ अंश. हात तेवढाच सरकतो, पण काडी निम्मीच फिरते. मग हे नुकसान झाले काय? मुळीच नाही! तरफेचा नियम आठवा. अंतर खर्च केले की बल मिळते. छत्री उघडताना सुरुवातीला जोर लागत नाही, कारण कापड सैल असते. जोर लागतो तो शेवटी, कापड ताणताना. नेमक्या त्याच वेळी हा त्रिकोण तुमच्या हाताच्या मदतीला येतो.

हाच त्रिकोण तुम्हाला आणखी कोठे भेटेल? पिंपरी-चिंचवड किंवा चाकण भागात राहत असाल तर तो तुमच्या शेजारीच आहे. आकुर्डीला पूर्वी स्कूटर बनत, चाकणला आज मोटरसायकली बनतात. मोटरसायकलच्या इंजिनात पिस्टन म्हणजे दट्ट्या नळकांड्यात सरळ रेषेत पुढे-मागे सरकतो. त्याला जोडदांडा लावलेला असतो आणि तो एका भुजेला गरगर फिरवतो. सरकणारा भाग, जोडणारा दांडा आणि फिरणारी भुजा, असे हे त्रिकूट आहे. छत्रीत सरकती नळी हा दट्ट्या, आखूड काडी हा जोडदांडा आणि लांब काडी ही भुजा. फरक एवढाच, की इंजिनातली भुजा पूर्ण फेरी मारते आणि छत्रीतली काडी पाऊण काटकोनापेक्षा थोडीशी जास्त फिरून थांबते. इंजिनाच्या कारखान्याकडे पायी निघालेल्या कामगाराच्या हातात पावसाळ्यात त्याच रचनेचे एक यंत्र असते म्हणा ना!

काडी पन्हळीसारखी का?

छत्रीची काडी बोटाने चाचपून पाहा. ती भरीव, गोल तार नाही. पोलादाची पातळ पट्टी दोन्ही कडांनी वळवून तिची बारीक पन्हळ केलेली आहे. १८५२ साली इंग्लंडमधील शेफील्डजवळच्या स्टॉक्सब्रिज गावी सॅम्युअल फॉक्स या कारखानदाराने अशा पन्हळी काड्यांची छत्री बाजारात आणली. त्यापूर्वी युरोपातील छत्र्यांच्या काड्या देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्ट्यांच्या किंवा वेताच्या असत. छत्र्या जड होत आणि भिजल्या की काड्या बिघडत.

पन्हळीने काय साधते? एक लाकडी फूटपट्टी घ्या. ती आडवी धरून वाकवा, सहज वाकते. आता तिची कड वर करून त्याच दिशेने वाकवून पाहा. वाकत नाही! लाकूड तेच, वजन तेच. पट्टीची रुंदी ३० मि.मी. व जाडी ३ मि.मी. असेल, तर कडेवर उभी धरलेली पट्टी आडव्या पट्टीच्या १०० पट ताठ असते. याचे कारण असे, की वस्तू वाकताना तिच्या एका अंगाला ताण बसतो, दुसऱ्या अंगाला दाब बसतो आणि मधला थर जवळजवळ मोकळाच राहतो. म्हणून पदार्थ मधल्या थरापासून जितका दूर ठेवावा, तितका तो अधिक उपयोगी पडतो. पन्हळीत नेमके हेच केलेले असते. थोड्याशा पोलादात पुष्कळ ताठपणा मिळतो आणि छत्री हलकी राहते. मोटारीच्या सांगाड्याचे पत्रे वळवून त्यांना नाळीसारखा आकार देतात, तोही याचसाठी.

पोलादही साधे चालत नाही. वाकवून सोडले की पूर्ववत होणारे, म्हणजे स्थितिस्थापक पोलाद लागते. मालमोटारीच्या चाकांवरचे कमानपट्टे त्याच जातीच्या पोलादाचे असतात. मालमोटार खड्ड्यात आदळली की पट्टा वाकतो व सरळ होतो. वारा आला की काडी वाकते व सरळ होते. मात्र प्रत्येक पदार्थाच्या स्थितिस्थापकतेला मर्यादा असते. ती ओलांडली की वाकलेले वाकलेलेच राहते.

कापडाला भोके आहेत, मग पाणी का गळत नाही?

छत्रीचे कापड डोळ्यांसमोर धरून उजेडाकडे पाहा. पुष्कळ कापडांत ताण्या-बाण्याच्या मधून बारीक बारीक उजेड दिसतो. म्हणजे कापडाला हजारो भोके आहेत. तरी पाऊस आत येत नाही, कारण पाण्याला पृष्ठताण असतो. पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो आणि बारीक भोकावर तो पडदा तोलून राहतो. भोक जितके लहान, तितका पडदा जास्त दाब सोसतो. ०.१ मि.मी. व्यासाच्या भोकावर हा पडदा जास्तीत जास्त सुमारे २९ सें.मी. उंच पाण्याच्या दाबाला टिकू शकतो.

पण एक अट आहे. पाणी धाग्याला चिकटता कामा नये. धागा पाणी ओढून घेणारा असेल तर तोच पृष्ठताण उलट पाण्याला भोकातून आत खेचतो. म्हणून छत्रीच्या कापडावर पाण्याशी फटकून वागणाऱ्या पदार्थाचा लेप देतात. जुन्या सुती छत्र्यांत धागे भिजून फुगत, भोके बुजत आणि त्याने पाणी बरेचसे अडे. पण आतून बोट लावले की तेथे पाणी पाझरू लागे. आजच्या नायलॉनच्या किंवा पॉलिएस्टरच्या कापडाला हा त्रास कमी, मात्र लेप झिजला की तेही ठिबकू लागते.

वारा : छत्रीचा खरा शत्रू

पावसाचा मोठ्यात मोठा थेंब सुमारे ५ मि.मी. व्यासाचा असतो आणि सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने खाली येतो. तरीही पाऊस कधी छत्री मोडत नाही. छत्री मोडतो तो वारा.

ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा धरा. त्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे ६० न्यूटन होतो. एक मीटर व्यासाच्या छत्रीचे क्षेत्रफळ सुमारे ०.७८ चौरस मीटर. गुणाकार केलात तर बल ४७ न्यूटनच्या आसपास येईल. जणू कोणी जवळजवळ ५ किलोग्रॅमचे वजन छत्रीला टांगले! आणि वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर हे बल दुप्पट नव्हे, चौपट होते.

छत्री कशी धरली आहे, यालाही फार महत्त्व आहे. हवामान वेधशाळेच्या गच्चीवर वाऱ्याचा वेग मोजण्याचे साधन असते. उभ्या दांड्याभोवती फिरणाऱ्या तीन-चार अर्धगोल वाट्या, एवढेच ते असते. वाटीच्या पोकळ बाजूवर वाऱ्याचा रेटा जास्त बसतो आणि फुगीर बाजूवरून वारा निसटून जातो. म्हणून तर वाट्या एकाच दिशेने फिरतात. छत्री ही अशीच एक मोठी वाटी आहे. तिची पाठ वाऱ्याकडे असेल तोवर वारा बराचसा निसटतो. पण झोत खालून पोकळीत शिरला, की छत्री उलटलीच म्हणून समजा. वाऱ्यात चालताना छत्री वाऱ्याच्या दिशेने कलती धरावी, असे मोठी माणसे सांगतात ते यासाठीच.

तर मग मोडते कुठे?

आता आपल्या त्रिकोणाकडे परत या. वारा खालून आला की काड्यांना वर ढकलतो. लांब काडीचा आतला भाग, म्हणजे अ पासून ब पर्यंतचा, त्रिकोणात पक्का धरलेला आहे. पण ब च्या पलीकडचा भाग मोकळा आहे. भिंतीतून बाहेर काढलेल्या सज्जासारखा तो एकाच बाजूने अडकवलेला आहे. सज्जावर भार पडला की सर्वांत जास्त जोर भिंतीपाशी येतो. तसाच काडीवरचा सर्वांत जास्त जोर ब या सांध्यापाशी येतो. शिवाय सांधा बसवण्यासाठी पन्हळीचा आकार तेथे बदललेला असतो. म्हणून वाऱ्याने उलटलेल्या छत्रीची काडी बहुधा ब पाशीच मुडपते. छत्रीवाल्याचे बोट जाते ती पहिली जागा ही.

दुसरी जागा काडीच्या बाहेरच्या टोकाशी. तेथे कापड टाका घालून अडकवलेले असते. धनुष्याची कमान आणि दोरी आठवा. काडी ही कमान आणि ताणलेले कापड ही दोरी. काडीचे टोक वर उडू नये म्हणून कापडच ते ओढून धरते. एक टाका उसवला की ती काडी एकटी पडते आणि पुढच्या झोताला ब पाशी मोडते. टाका लहान, पण त्याने सांभाळलेली काडी मोठी!

तिसरी जागा झटकन दिसत नाही. काड्यांची टोके जेथे दांड्याशी आणि नळीशी एकत्र येतात, तेथे त्यांना एका बारीक तारेत ओवलेले असते. भिजलेली छत्री तशीच गुंडाळून कोपऱ्यात ठेवली की पाणी त्या खाचेत साचते. पाणी आणि हवेतला प्राणवायू मिळाले की लोखंड गंजते. तार तुटली की सगळ्या काड्या एकाच वेळी निखळतात.

छत्रीवाला काय करतो? मुडपलेल्या काडीवर पत्र्याची लहानशी पट्टी गुंडाळून पक्कडीने दाबतो. मोडलेल्या हाडाला डॉक्टर फळी बांधतात तसेच हे. फारच मोडली असेल तर भाऱ्यातून त्याच मापाची काडी काढून बसवतो. उसवलेला टाका पक्का घालतो. गंजलेली तार काढून नवी ओवतो. त्याने त्रिकोण किंवा सज्जा हे शब्द वापरले नसतील, पण बल कोठून येते आणि कोठे जाते, हे त्याच्या बोटांना ठाऊक असते.

इरले, घोंगडी आणि छत्र

छत्री सर्वांच्या हातात आली ती फार अलीकडे. त्यापूर्वी आपल्याकडे पावसापासून बचाव कसा करीत?

पुण्यात वर्षाला सरासरी सुमारे ७०० मि.मी. पाऊस पडतो. तेथून सुमारे ६५ कि.मी. दूर असलेल्या लोणावळ्यात तो ४,००० मि.मी.हून जास्त पडतो. चिंचवड या दोहोंच्या मध्ये आहे. लोणावळ्याकडच्या मावळात भात लावताना दोन्ही हात चिखलात असतात, तेथे छत्री धरणार कोण? म्हणून तेथे इरले आले. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात पळसासारखी रुंद पाने बसवलेली. डोक्यावरून पाठीवर कमरेपर्यंत येणारे हे इरले वाकून काम करणाऱ्याला पुरेपूर झाकते आणि हात मोकळे राहतात. आता पुष्कळ ठिकाणी पानांच्या जागी प्लॅस्टिकचा कागद आला आहे. गुराख्याची घोंगडीची खोळ हाही तसाच उपाय. लोकरीत मेंढीच्या अंगचा स्निग्धांश असतो, तो पाण्याला दूर ठेवतो.

मग छत्र कोणाचे? राजाचे आणि देवाचे. ‘छद्’ म्हणजे झाकणे, या संस्कृत धातूपासून छत्र हा शब्द आला. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तूपावर एक लाकडी छत्र आहे. ते सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे असून आजही जागेवर आहे! पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरून तुम्हाला ते पाहता येईल. जवळच भाजे येथे रथात बसलेल्या सूर्याच्या शिल्पात त्याच्यावर छत्र धरलेले आहे. १६७४ साली रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि ते छत्रपती झाले, तेव्हा छत्र हे रक्षणाचे चिन्ह होते. आषाढी वारीत तुकाराम महाराजांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते. त्या वेळी पालखीबरोबर छत्र आणि अब्दागिरी नीट पाहा. ‘पितृछत्र हरपले’ हा आपला वाक्प्रचारही त्याच अर्थाचा.

जुन्या छत्र्या विकत घेणारे शहर

सामान्य नागरिकांनी घडीची छत्री खूप आधीपासून वापरलेले एक शहर म्हणजे जपानमधील एदो, आजचे टोकियो. अठराव्या शतकात त्याची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात होती. जपानी भाषेत ‘कासा’ या एकाच उच्चाराने डोक्यावरची वेताची टोपी आणि हातातली छत्री या दोन्हींचा बोध होतो. फक्त लिहिताना चिन्हे वेगळी. आपले इरले आणि छत्री यांचे नाते तेथे शब्दातच टिकून राहिले आहे.

एदोची छत्री बांबूची आणि कागदाची. एका बांबूच्या नळीच्या चाळीस-पन्नास बारीक काड्या चिरीत. चिरताना त्यांचा क्रम मोडू देत नसत, म्हणजे छत्री मिटली की पुन्हा अखंड बांबू दिसावा! आपल्या छत्रीला आठच काड्या, मग तिला इतक्या का? कारण कागद कापडापेक्षा लवकर फाटतो. काड्या जवळजवळ असल्या की दोन काड्यांमधला कागदाचा पट्टा अरुंद राहतो आणि त्यावर ताण कमी येतो.

पण कागद पावसात टिकतो कसा? हा कागद तुतीच्या कुळातील एका झाडाच्या सालीच्या लांब तंतूंचा असे, म्हणून चिवट. त्यावर तेल चढवून उन्हात वाळवत. येथे रसायनशास्त्र येते. तेले दोन प्रकारची असतात. शेंगदाण्याचे तेल कागदावर लावले तर ते चिकट तेलच राहते. जवसाचे तेल मात्र हवेतला प्राणवायू घेते, त्याचे रेणू एकमेकांना जोडले जातात आणि काही दिवसांत घट्ट पापुद्रा तयार होतो. चित्रकार तैलरंगात जवसाचे तेल वापरतात ते याच गुणासाठी. जपानी कारागीर अशीच ‘वाळणारी’ तेले वापरीत.

हे काम कोण करी? त्यात गरीब झालेले सामुराईही होते. युद्धे थांबली, तलवारीला काम उरले नाही, वेतन पुरेना. मग हे योद्धे घरी बसून छत्र्यांना कागद चिकटवीत. आजच्या गिफू शहराचा भाग असलेल्या कानो येथे तर हा जोडधंदा इतका वाढला, की ते गाव छत्र्यांसाठीच प्रसिद्ध झाले.

छत्री फाटली की ती टाकून देत नसत. जुन्या छत्र्या विकत घेणारे फेरीवाले गल्लोगल्ली फिरत आणि थोडी तांब्याची नाणी देऊन त्या नेत. सांगाडा चांगला असला की नवा कागद चढे आणि छत्री पुन्हा बाजारात येई. सोलून काढलेला तेलकट कागदही वाया जात नसे. ओलावा अडवणारा म्हणून तो खाद्यपदार्थ बांधायला विकला जाई. एक छत्री आणि तिच्यावर पोट भरणारे किती जण पाहा : बांबू चिरणारा, कागद चिकटवणारा, तेल चढवणारा आणि जुनी छत्री गोळा करणारा!

१८६८ नंतर जपानने पाश्चात्त्य वस्तू स्वीकारल्या आणि पोलादी काड्यांची काळी छत्री तेथे आली. लोकांनी तिला नाव दिले ‘वटवाघूळ-छत्री’. कागदी छत्रीचा धंदा हळूहळू ओसरला. कानोत ती आजही बनते, पण कारागीर मोजके उरले आहेत. आपल्याकडेही त्याच सुमारास काळी छत्री रुजत होती. मुंबईत इब्राहिम करीम आणि सन्स ही छत्र्यांची पेढी १८६० साली सुरू झाली.

दुरुस्तीला जागा ठेवणारी वस्तू

आता आपल्या दप्तरातली तीन घड्यांची छत्री बघा. ती फारच सोयीची आहे यात शंका नाही. पण तिचे सांधे मोजा. लांब दांड्याच्या छत्रीत प्रत्येक काडीला तीन सांधे, म्हणजे आठ काड्यांना चोवीस. घडीच्या छत्रीत हीच संख्या दुपटीच्या आसपास किंवा त्याहूनही वर जाते. सांधा वाढला की मोडण्याची जागा वाढली. शिवाय काड्या अधिक नाजूक, कोठे पोलाद, कोठे ॲल्युमिनियम, कोठे प्लॅस्टिक. छत्रीवाल्याच्या भाऱ्यात तिच्या मापाची काडी सापडेलच असे नाही. दुरुस्तीला नव्या छत्रीच्या निम्मे पैसे पडणार असतील, तर लोक नवीच घेतात. मग जुनी छत्री जाते कुठे? पिंपरी-चिंचवडचा कचरा मोशीच्या डेपोत जातो. पोलाद, प्लॅस्टिक आणि कापड एकमेकांत गुंतलेली छत्री तेथे वेगळी करणे सोपे नाही. बांबूची काडी मातीत मिसळून जाते, पॉलिएस्टर वर्षानुवर्षे तसेच पडून राहते.

म्हणून पुन्हा कागदी छत्र्या वापरा असे कोणी म्हणणार नाही. एदोकडून घ्यायची शिकवण वेगळी आहे. वस्तू बनवतानाच ती उघडता यावी, तिचा भाग बदलता यावा, असा विचार करता येतो. अशी वस्तू असेल तरच दुरुस्त करणारा जगतो, आणि तो असेल तरच आपण तशी वस्तू घेतो. या दोहोंपैकी एक गेले की दुसरे फार दिवस टिकत नाही. तुमच्यापैकी अनेक जण उद्या याच औद्योगिक पट्ट्यात यंत्रे आखतील. ‘हे मोडेल कुठे, आणि मोडले तर ते कोण नीट करील?’ हा प्रश्न त्या वेळी आराखड्याच्या कागदावरच विचारा.

करून पाहा

१. वहीच्या कागदाची ३ सें.मी. रुंद पट्टी कापा. दोन पुस्तकांवर तिची टोके ठेवून मध्ये एक नाणे ठेवा. पट्टी खाली झुकेल. आता तीच पट्टी लांबीच्या दिशेने दोन्ही कडांनी दुमडून तिची पन्हळ करा व पुन्हा नाणी ठेवा. किती नाणी पेलते ते लिहून ठेवा.

२. पाण्याने काठोकाठ भरलेल्या बाटलीच्या तोंडावर ओला सुती रुमाल ताणून रबराने घट्ट बांधा. तोंडावर हात ठेवून बाटली उलटी करा आणि हात काढा. पाणी सांडत नाही! कापडाच्या भोकांवर ताणलेले पाण्याचे पडदे हवेला आत शिरू देत नाहीत आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी तोलून धरतो.

३. दोन कागदांवर जवसाचे आणि शेंगदाण्याचे तेल पातळ लावून आठवडाभर हवेशीर जागी टांगा. रोज बोट लावून फरक नोंदवा. शेवटी दोहोंवर पाण्याचे थेंब सोडून पाहा. मात्र जवसाच्या तेलाने माखलेले चिंधे चुरगळून ठेवू नका. वाळताना उष्णता निर्माण होते व ते आपोआप पेटू शकतात. ते पाण्यात भिजवूनच टाका. हा प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखाली करा.

४. घरातील एक मोडकी छत्री घ्या आणि ती कोठे मोडली आहे ते पाहा : ब या सांध्यापाशी, टोकाच्या टाक्याशी की तारेपाशी? वर्गातील सर्वांनी नोंदी आणल्या तर तक्ता तयार होईल. उसवलेला टाका तुम्हीच घाला. बाकीच्यासाठी छत्रीवाल्याकडे जा, आणि तो काम करीत असताना त्याच्या बोटांकडे नीट लक्ष द्या.

आणि हो, पावसातून घरी आलात की छत्री उघडी ठेवून सावलीत वाळवा व सांध्यांना शिवणयंत्राच्या तेलाचा एकेक थेंब द्या. तेवढ्यानेही तिचे दोन-तीन पावसाळे वाढतील.